हाताच्या बेंडिंग मशीनवर टोकांना काटकोन, मधोमध कोन उघडा: नट आवळण्याआधी कारण शोधा

८ फुटी हाताच्या बेंडिंग मशीनवर १८ गेजचा (सुमारे १.२ मिमी) सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा पूर्ण लांबीत वाकवला, गुण्या लावून पाहिलं. डावीकडे ९० अंश, उजवीकडे ९० अंश, मधोमध ९३. मागचे स्क्रू थोडे फिरवले की दोन-चार नग बरे निघतात. पत्र्याची गेज बदलली किंवा दुसऱ्या माणसाने दांडा ओढला की पुन्हा तेच. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बरेच जण मशीनला तसंच सोडून देतात आणि मधला भाग हातोड्याने ठोकून बसवतात.

ठोकून काम चालतं, पण माल बिघडतो. ५० मिमीच्या फ्लँजला, म्हणजे वाकवलेल्या बाजूला, ३ अंशांचा फरक म्हणजे कडेला २.६ मिमी. कपाटाच्या दाराला किंवा डक्टच्या तुकड्याला एवढी फट रिव्हेटने ओढून बसवली की समोरच्या पृष्ठभागाला पोट येतं, आणि पावडर कोटिंगनंतर ते आणखी उठून दिसतं.

मधला कोन उघडा राहण्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात (भागांची नावं लगेच पुढे सांगतो). एक, मशीनची जुळणी ठीक आहे, पण पत्र्याच्या जोरापुढे तिची बीम किंवा पुढची पाटी मधोमध लवते. दोन, मशीन लवत नाही, जुळणीच चुकली आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या कामी येत नाहीत. लवणाऱ्या मशीनचा सेटबॅक कितीही फिरवला तरी गेज बदलली की कोन बिघडणार. जुळणी बिघडलेल्या मशीनचा टाय रॉड आवळला तर एका चुकीवर दुसरी चूक बसते आणि मूळ दोष सापडेनासा होतो. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी चाचणी.

भागांची नावं शेडगणिक बदलतात, तेव्हा इथे काय म्हटलंय ते सांगून ठेवतो. पत्रा ज्यावर ठेवतो ते टेबल. वरून दाबणारी ती वरची बीम, आणि तिच्या पुढच्या निमुळत्या धारेला नोज बार. दांडा ओढल्यावर वर फिरून पत्रा वाकवते ती पुढची पाटी. दोन्ही टोकांना बिजागरं आणि क्लॅम्पचे दांडे. वरची बीम पुढे-मागे सरकवणारे स्क्रू मागे असतात. नोज बार वाकण्याच्या रेषेपासून जितकी मागे ठेवली ते अंतर म्हणजे सेटबॅक. लांब मशीनला बीमच्या वर आणि पाटीच्या बाहेरच्या बाजूला मधल्या खुंटीवरून ताणलेली सळई असते, तो टाय रॉड.

तुकड्यांची चाचणी

ज्या पत्र्यावर तक्रार आहे त्याच पत्र्यातून ८० मिमी रुंद आणि बेंडच्या रेषेत १०० मिमी लांब असे तीन तुकडे कापा. तिन्ही एकाच दिशेने कापलेले हवेत, कारण रोलिंगच्या दिशेला आणि आडव्या दिशेला पत्रा वाकवून सोडल्यावर सारखा परत उघडत नाही. मार्करने डावा, मधला, उजवा असं लिहा. कोनाचा स्टॉप, म्हणजे पाटीला ठरलेल्या कोनावर अडवणारा अडथळा, ९० च्या आसपास कुठेही बांधा, पण तिन्ही वेळा त्याच जागी.

एक तुकडा डाव्या टोकापासून साधारण १५० मिमी आत, एक मधोमध, एक उजवीकडे, असे एकेक करून वाकवा. एकच तुकडा दाबला तर वरची बीम तिरकी बसते किंवा मधे उचलली जाते आणि चाचणी खोटी ठरते. त्यासाठी त्याच पत्र्याचे आणखी दोन तुकडे दोन्ही क्लॅम्पजवळ बीमखाली सरकवा, पण त्यांचं टोक नोज बारच्या पुढे येऊ देऊ नका. दांडा स्टॉपला टेकेपर्यंत हळू ओढा, टेकल्यावर जोर लावू नका. तुकडे काढून बेवल प्रोट्रॅक्टरने कोन मोजा. अर्ध्या अंशापर्यंत अचूक मोजलं तरी पुरतं. मग त्याच पत्र्याची पूर्ण लांबीची १५० मिमी रुंद पट्टी वाकवून तीन जागी मोजा.

तिन्ही तुकडे सारखे आले आणि लांब पट्टीच तेवढी मधोमध उघडी असेल, तर जुळणीला हात लावू नका. मशीन लवते आहे. तुकड्यांमध्येच फरक असेल, मधला उघडा असेल किंवा डावीकडून उजवीकडे कोन बदलत जात असेल, तर जुळणी चुकली आहे. तुकडे सारखे, पण लांब पट्टी एका टोकाला जास्त वाकलेली आणि दुसऱ्या टोकाला कमी, असंही होतं. तिथे बहुतेक वेळा दोष दांडा ओढण्याच्या पद्धतीत असतो.

हे तिसरं प्रकरण आधी संपवू. बहुतेक मशीनना कोनाचा स्टॉप एकाच टोकाला असतो. ते टोक टेकल्यावरही दुसऱ्या टोकाचा माणूस ओढत राहिला तर पाटी पिळवटते आणि त्या बाजूचा कोन एक-दोन अंशांनी पुढे जातो. ८ फुटी मशीनवर दोघांनी एकदम आणि सारख्या वेगाने ओढायचं, स्टॉप लागताच दोघांनी थांबायचं. दुसऱ्या टोकालाही साधा नट-बोल्टचा स्टॉप बसवून घेतला तर ही तक्रार कायमची जाते. त्याला खर्च जवळजवळ काही नाही.

मशीन लवत असेल तर

पत्रा वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो. ०.९ मिमीऐवजी १.२ मिमी घेतला तर जाडी तिप्पट-चौपट झालेली नसते, तिसऱ्या हिश्शाने वाढलेली असते, पण जोर पावणेदोन पटीला पोचतो. लांबीचा हिशोब याहून कडक आहे. बीमचा छेद तोच ठेवून ४ फुटांची ८ फूट केली, तर तेवढ्याच दर फुटी जोराला मधलं लवणं १६ पट होतं. ४ फुटी मशीनवर सरळ निघणारा माल तशाच बांधणीच्या ८ फुटी मशीनवर का बिघडतो त्याचं उत्तर यात आहे.

मशीनच्या नेमप्लेटवर लिहिलेली क्षमता माइल्ड स्टीलसाठी आणि पूर्ण लांबीसाठी असते. ती कोणत्या गेजमध्ये लिहिली आहे तेही बघा. आपल्याकडे चालणाऱ्या एसडब्ल्यूजीचा (ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजचा) १६ गेज म्हणजे १.६३ मिमी. अमेरिकी पत्रा गेजचा १६ म्हणजे १.५२ मिमी. बाहेरून आलेल्या मशीनवर इथला १६ गेज टाकला की जोर १५ टक्क्यांनी वाढलेलाच असतो. बाजारात मिळणारा पत्रा उलट पातळही निघतो, म्हणून गेजवर विसंबू नका, मायक्रोमीटरने मोजा. स्टेनलेससाठी क्षमता दोन ते चार गेज खाली धरावी लागते, कारण नेहमीचा ३०४ जातीचा स्टेनलेस वाकताना कडक होत जातो. १८ गेजच्या मशीनवर पूर्ण लांबीचा १८ गेज स्टेनलेस वाकवून मधोमध बरोबर कोन मागू नये.

दांड्यात पाइप घालून जोर वाढवणं आधी बंद करा. पाइप लागतोय याचाच अर्थ पत्रा क्षमतेबाहेर आहे किंवा सेटबॅक कमी पडतोय. पाइपने बेंड निघतो, पण बिजागराच्या पिना वाकतात, बुश अंडाकृती होतात, आणि आजपर्यंत नुसती लवणारी मशीन उद्या जुळणीतूनही जाते.

क्षमतेत राहूनही मधला कोन एक-दीड अंश उघडा असेल तर टाय रॉड हाच योग्य उपाय. पाटीचा रॉड आवळला की मधली खुंटी पाटीला कामाच्या बाजूला ढकलते आणि मधला कोन बंद होतो. वरच्या बीमचा रॉड आवळला की बीमचा मध्य खाली दाबला जातो. आधी वरची बीम, मग पाटी, हा क्रम पाळा, कारण मध्यावर पत्रा पकडलाच जात नसेल तर पाटी कितीही सुधारून फायदा नाही.

वरच्या बीमसाठी पूर्ण लांबीचा पत्रा आत घाला. पत्रा आणि बीम यांच्या मधे डावीकडे, मधे आणि उजवीकडे वहीच्या कागदाची एकेक पट्टी ठेवा. क्लॅम्प लावा आणि कागद ओढा. टोकांचे फाटतात आणि मधला सुटून येतो, तर वरच्या रॉडचा चेकनट (मुख्य नट ढिला होऊ न देणारा दुसरा नट) सैल करून मुख्य नट पाव फेरा आवळा आणि पुन्हा बघा. तिन्ही सारखे धरले की थांबा. मग पाटीकडे या. पाव फेरा, लांब पट्टीचा बेंड, मोजमाप. पुन्हा पाव फेरा. एकदम पूर्ण फेरा देऊ नका, कारण पुढे गेलेली पाटी मागे आणताना रॉड सैल सोडून सुरुवातीपासून यावं लागतं.

हा ताण एका जाडीसाठीच बरोबर असतो. १.२ मिमीसाठी लावलेला ताण ०.६ मिमीला जास्त होतो आणि पातळ पत्रा मधोमध ८८-८९ पर्यंत जातो. तुमच्याकडे जास्त चालणाऱ्या जाडीला मशीन बांधा, नट आणि बीमवर रंगाची रेघ ओढा, आणि दुसऱ्या जाडीला किती फेरे मागे-पुढे ते तिथेच पेंटने लिहून ठेवा.

टाय रॉड नसलेल्या मशीन पुष्कळ आहेत. त्यांच्या पाटीला बाहेरच्या बाजूने ७५ बाय १० मिमीची पट्टी उभी बसवून घ्या, आडवी नव्हे; कडकपणा उंचीच्या घनाने वाढतो. त्यासाठी पट्टीला अँगल जोडून तो अँगल पाटीला एम १० च्या बोल्टने साधारण दीडशे मिमीवर कसा. पट्टी थेट पाटीला वेल्ड करायचा मोह टाळा, वेल्ड थंड होताना आकसतं आणि पाटी कायमची वाकडी होते. पाटी जड झाली की तिला तोलणारं मागचं वजनही वाढवावं लागेल, नाहीतर दांडा सोडल्यावर पाटी धाडकन खाली येईल आणि पायावर बसेल.

घाईचं काम असेल तर पाटीच्या तोंडावर मधोमध ३०० मिमी लांब आणि १ मिमी जाड पट्टी दुहेरी टेपने चिकटवा, तिच्या दोन्ही बाजूंना ०.५ मिमीची. ४० मिमीच्या फ्लँजला १ मिमीची पट्टी जवळजवळ १.४ अंश देते. फ्लँजवर पट्टीच्या कडेचा डाग पडू शकतो, म्हणून दर्शनी मालाला हे करू नका.

जुळणी चुकली असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा. जमीन, बिजागर, पाटीची उंची, क्लॅम्प, सेटबॅक आणि शेवटी स्टॉप. आधीचं काम बदललं की नंतरचं सगळं हलतं, त्यामुळे सेटबॅकपासून सुरुवात करणारा माणूस गोल गोल फिरत राहतो.

जमीन. टेबलाच्या दोन्ही टोकांना स्पिरिट लेव्हल आडवी ठेवा. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी यायला हवा. मशीन पूर्ण समतल नसली तरी चालेल, पिळलेली नको. ज्या पायाखाली फट आहे तिथे पत्र्याची पॅकिंग घाला आणि मगच अँकर बोल्ट कसा. पॅकिंग न घालता बोल्ट कसला की तो पाय खाली ओढतो आणि अख्खं टेबल पिळतो. नवीन जागी हलवलेल्या मशीनची ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित चूक आहे.

बिजागर. पाटीचं एकेक टोक हाताने वर-खाली हलवून बघा. खट्ट असा खेळ जाणवला तर पिन आणि बुश दोन्ही बदला, एकटी पिन बदलून खेळ जात नाही.

पाटीची उंची. पाटी खाली असताना तिचं तोंड आणि टेबल एका पातळीत हवं. स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना आणि मध्ये बघा. पाटी खाली राहिली तर बेंडची गोलाई मोठी येते आणि कोन उघडतो. वर राहिली तर पत्रा नोज बारवर चिरडला जातो.

क्लॅम्पबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. कोन उघडा येतोय म्हणजे पकड कमी, म्हणून क्लॅम्पचे नट आणखी आवळायचे. पण क्लॅम्प फक्त टोकांना आहेत. तिथे जास्त दाब दिला की बीम टोकांना खाली जाते आणि मध्यावर वर उचलली जाते, म्हणजे ज्या जागी पकड हवी तिथेच ती कमी होते. क्लॅम्पचा दांडा एका हाताच्या ठाम ओढीने बसायला हवा. अंगाचं वजन टाकावं लागत असेल तर दाब जास्त आहे. पत्रा सरकतो का ते वेगळं तपासा: नोज बारच्या धारेला लागून पेन्सिलची रेघ ओढा आणि थोडासा वाकवून बघा. रेघ पुढे सरकली तरच दाब वाढवा, आणि दोन्ही बाजूंना सारखाच. जाडी बदलली की क्लॅम्पही बदलायचा, हे बरेच जण करत नाहीत.

सेटबॅक. पाटी ९० अंशांपर्यंत वर उचलून धरा. नोज बार आणि पाटीचं तोंड यांच्यातली फट म्हणजे तुमचा सेटबॅक. ती मोजायला ड्रिल बिटचा गुळगुळीत भाग उत्तम, कारण बिट ०.१ मिमीच्या फरकाने मिळतात. नेहमीच्या कामाला जाडीच्या दीडपट: ०.८ मिमीला १.२, १.२ मिमीला १.८. मशीनच्या क्षमतेजवळच्या पत्र्याला दुप्पट, म्हणजे १.२ मिमीला २.४. फट जाडीपेक्षा कमी असेल तर पत्रा चिमटला जातो, जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा जस्ताचा थर खरवडला जातो आणि सगळा जोर बिजागरांवर येतो. दांडा अचानक जड लागायला लागला की आधी हेच बघा.

तोच बिट डावीकडे आणि उजवीकडे सारख्या घर्षणाने सरकायला हवा. बीमचे बोल्ट थोडे सैल करा, मागचे स्क्रू फिरवून फट सारखी करा, बोल्ट कसा आणि पुन्हा मोजा, कारण कसताना बीम थोडी सरकतेच. ज्या बाजूची फट मोठी, त्या बाजूला गोलाई मोठी, पत्रा परत जास्त उघडतो आणि कोनही उघडा. डावीकडून उजवीकडे बदलत जाणारा कोन बहुधा इथेच सुधारतो.

टोकांना फट बरोबर आणि मधे जास्त, असं निघालं तर नोज बार तपासा. छोटी कामं नेहमी मध्यावर होतात, त्यामुळे धार तिथे आधी झिजते. सळई, चौकोनी बार, वेल्डचा सांधा किंवा जोडपट्टी तिच्याखाली वाकवली असेल तर खाचा पडलेल्या दिसतील. कानशीने घासून धार सरळ होत नाही, आणखी मागे जाते. नोज बार काढून सरफेस ग्राइंडिंगला द्या. काही मशीनची नोज बार उलटी बसवता येते, ते आधी बघून घ्या. सुट्या बोटांची, म्हणजे नोज बार सुट्या तुकड्यांची असलेली, मशीन असेल तर काम सोपं आहे: मधली दोन-तीन बोटं ०.१ ते ०.२ मिमी पुढे घ्या आणि तुकड्यांची चाचणी पुन्हा करा.

जे या दोषासारखं दिसतं, पण हा दोष नाही

कोन सगळीकडे बरोबर आणि चॅनेलच लांबीत केळ्यासारखा वाकडा, तर मशीन निर्दोष आहे. याला कारणीभूत आतला ताण पत्र्यात आधीपासून असतो, विशेषतः शिअरवर (पत्रा कापायच्या मशीनवर) कापलेल्या अरुंद पट्टीत. वाकवायच्या आधी पट्टी सपाट टेबलावर ठेवा. तिथेच पिळलेली असेल तर बेंड तिला सरळ करणार नाही. कडेची पहिली पट्टी बाजूला काढा आणि आतली वापरा.

एका शीटला ९० आणि पुढच्या शीटला ९२, पण लांबीभर सारखे, हा पत्र्याच्या कडकपणातला फरक. मऊ सीआर एक-दोन अंश परत उघडतो, स्टेनलेस आणि कडक ॲल्युमिनियम त्याहून जास्त. नवीन लॉट आला की पहिला तुकडा वाकवून स्टॉप बांधा, बाकी काही हलवू नका. ६०६१ जातीचा टी ६, म्हणजे कडक केलेला ॲल्युमिनियम धारदार नोज बारवर बाहेरून तडकतो. तो उघडा कोन नाही, गोलाई लहान पडल्याचं लक्षण आहे. सेटबॅक वाढवा आणि मोठ्या गोलाईची नोज लावा.

जुळणी झाल्यावर मापं पुन्हा काढावी लागतात, कारण सेटबॅक बदलला की आतली गोलाई बदलते आणि फ्लँजची लांबीही. १.२ मिमी पत्र्याला आतली गोलाईही १.२ आली, तर बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंच्या बेरजेतून एका काटकोनासाठी सुमारे २.२ मिमी वजा होतात, दोन बेंडच्या चॅनेलला साधारण ४.३. गोलाई याहून मोठी आली तर वजावटही वाढते. १०० मिमीचा तुकडा वाकवून दोन्ही बाजू व्हर्निअरने मोजा आणि आलेली वजावट गेजच्या पुढे मशीनवरच लिहा. चेकनट मात्र पाच-दहा लांब बेंड मारून झाल्यावर परत एकदा आवळून बघा, नवीन ताण बसताना ते थोडे ढिले पडतात.